मालक, मजूर आणि ‘मॉडेल टी’

यंत्रांचे इतिहास बहुधा त्यांच्या जन्मकथेपाशींच थांबतात. शोध कोणी लावला, पहिलें यंत्र कोणत्या सालीं चाललें, कारखाना कोठें निघाला, येवढें सांगून झालें कीं लेखक समाधानानें लेखणी खालीं ठेवतो. पुढें तेंच यंत्र लोकांच्या घरीं गेलें, झिजलें, अडलें, आणि कोणी तरी बाह्या सरसावून तें पुन्हां चालतें केलें, हा भाग लिहिण्याच्या योग्यतेचा सहसा कोणास वाटत नाहीं. मोटारीच्या बाबतींत ही उपेक्षा विशेष जाणवते. मोटारीनें जगाचें दळणवळण बदललें हें सर्वश्रुत आहे. परंतु तिनें सामान्य गृहस्थाच्या हातीं पाना दिला आणि पुढें तो हळूहळू काढूनही घेतला, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची असून फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रस्तुत लेखांत ती एका गाडीच्या आधारें सांगण्याचा विचार आहे.

ती गाडी म्हणजे अमेरिकेंतील हेन्री फोर्ड याची ‘मॉडेल टी’. जुन्या मोटारींचे शोकीन ‘व्हिंटेज’ असा एक शब्द वापरतात. इंग्लंडांत १९३४ सालीं या शोकिनांचा ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ स्थापन झाला; १९१९ पासून १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांनाच त्या मंडळींत हें बिरुद मिळतें. या काटेकोर व्याख्येंत ‘टी’चें निम्मेंच आयुष्य बसतें, कारण ती १ ऑक्टोबर १९०८ रोजीं बाजारांत आली आणि १९२७ च्या मे महिन्यांत तिची निर्मिति थांबली. या एकोणीस वर्षांत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती निघाल्या. आरंभीं तिची किंमत ८५० डॉलर होती; १९२५ सालीं तिचा सर्वांत साधा प्रकार २६० डॉलरांस मिळूं लागला. आज जगांत ज्या जुन्या गाड्या लोक घरच्या घरीं सांभाळतात, त्यांत इतकी परिचित आणि इतक्या सहज दुरुस्त होणारी दुसरी गाडी सांपडणें कठीण.

‘टी’च्या पूर्वीं मोटार हें श्रीमंताचें वाहन होतें आणि तिच्याबरोबर एक माणूस ठेवावा लागे. त्यास ‘शोफर’ म्हणत. मूळ फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ भट्टींत कोळसा घालणारा असा आहे. हा शोफर जितका सारथी, तितकाच मिस्त्री असे. आणि तसा तो असल्यावांचून गत्यंतरही नव्हतें. त्या काळच्या बहुतेक गाड्या कुशल कारागिरांनीं हातानें बनविलेल्या असत. एक भाग दुसऱ्यांत नीट बसेपर्यंत कानशीनें घांसून घांसून बसवावयाचा, ही त्यांची रीति. त्यामुळें एकाच कारखान्यांतील एकाच सालच्या दोन गाड्या घेतल्या तरी एकीचा भाग दुसरीस जसाच्या तसा बसेल याची शाश्वति नसे. मोडलेला भाग नवा मागवावा, तर तोही पुन्हां घांसूनच बसवावा लागे. अशा स्थितींत सामान्य मालकानें आपल्या गाडीस हात लावण्याचें धाडस करावें तरी कसें?

ही अडचण दूर होऊं शकते याचें जाहीर प्रात्यक्षिक १९०८ सालींच इंग्लंडांत झालें. तेथील रॉयल ऑटोमोबाइल क्लबाच्या देखरेखीखालीं अमेरिकन कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या पूर्णपणें सुट्या करण्यांत आल्या. तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले, कांहीं भाग काढून त्यांच्या जागीं कोठारांतले घातले, आणि मग केवळ पाने व स्क्रूड्रायव्हर यांच्या साह्यानें त्या ढिगांतून पुन्हां तीन गाड्या उभ्या केल्या. ब्रुकलँडच्या धांवपट्टीवर त्या पांचशें मैल सुरळीत धांवल्या. कॅडिलॅकचा सूत्रधार हेन्री लेलँड हा बंदुकीच्या व सूक्ष्म हत्यारांच्या कारखान्यांत तयार झालेला मनुष्य. तेथें अंगीं मुरलेली अचूकपणाची शिस्त त्यानें मोटारींत आणली. फोर्डनें हेंच तत्त्व उचललें. परंतु तें त्यानें महाग गाडीऐवजीं स्वस्त गाडीस लावलें, आणि त्याच्या जोडीला रचनेचा साधेपणा आणला. भाग परस्परांत बदलतां येणें आणि ते कोठें आहेत हें सहज समजणें, या दोन गोष्टी एकत्र आल्यावर मालक आणि यंत्र यांच्यामधला तिसरा माणूस अनावश्यक होऊं लागला.

‘टी’च्या रचनेकडे थोडें बारकाईनें पाहिलें म्हणजे हें स्पष्ट होईल. इंजिनाचीं चारही सिलिंडरें एकाच ओतकामांत ओतलेलीं, आणि त्यांच्यावरचें झांकण मात्र स्वतंत्र. पाणी काढून टाकून पंधरा बोल्ट सोडविले कीं झांकण हातीं येतें आणि पिस्टनच्या माथ्यावर साठलेली काजळी खरवडतां येते. व्हॅल्व्ह नीट बसत नसेल तर त्यास खरखरीत लेप लावून हातानें फिरवीत घांसावयाचा. पाणी खेळविण्यास पंप नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि निवलेलें खालीं येतें, या निसर्गनियमावरच सारें काम चालतें. वंगणासाठींही वेगळा पंप नाहीं. फिरतें चक्र तेल उडवितें आणि एक बारीक नळी त्यांतील कांहीं झेलून पुढें पोंचविते. तेल किती उरलें हें पाहावयाचें तर चक्राच्या आवरणास दोन चिमुकल्या तोट्या आहेत. खालच्या तोटींतूनही तेल येईनासें झालें कीं इंजिन चालवूं नये, हा हिशेब. पेट्रोलची टांकी चालकाच्या बैठकीखालीं असून पेट्रोल आपल्याच भारानें इंजिनाकडे उतरतें. म्हणून टांकी रिकामी होत आली असतां उभ्या चढावर गाडी उलट तोंडानें चढवीत. पेट्रोल मोजण्याचें साधन म्हणजे एक लांकडी पट्टी. बैठक उचलावी, पट्टी बुडवावी आणि ओली खूण पाहावी.

ठिणगीची व्यवस्था तर दुरुस्तीचा धडा देण्यासाठींच रचलेली वाटते. प्रत्येक सिलिंडरासाठीं एक, अशा चार लांकडी पेट्यांत चार कॉइल ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर एक पोलादी पट्टी मधमाशीसारखी गुणगुणत कांपत असते. एखादें सिलिंडर काम करीत नसेल तर तें कोणतें, हें ओळखण्याची युक्ति अशी: कडेच्या दोन पट्ट्या बोटांनीं दाबून धराव्या, म्हणजे पहिलें व चौथें सिलिंडर बंद पडतें. तरीही उरलेलीं दोन नीट चालत असतील, तर दोष पहिल्यांत किंवा चौथ्यांत असला पाहिजे. मग त्यांतली एक सोडून दुसरी दाबावी, म्हणजे गुन्हेगार आपोआप सांपडतो. यास ना मापकयंत्र लागतें ना विशेषज्ञ. लागतात दोन बोटें, एक कान आणि थोडी तर्कबुद्धि. कंपनीनें मालकांसाठीं जी पुस्तिका काढली, ती प्रश्नोत्तररूप होती. मालक काय विचारील हें आधीं ओळखून तिच्यांत त्याचें उत्तर दिलेलें असे. न्यायशास्त्राचें पुस्तक ज्यानें जन्मांत उघडलें नाहीं, असा शेतकरीही ही गाडी दुरुस्त करतां करतां अन्वय आणि व्यतिरेक शिकला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या चित्राला दुसरी बाजूही होती, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. ‘टी’ ही सोशीक असली तरी सोज्ज्वळ नव्हती. ती सुरू करण्यासाठीं पुढें उभें राहून हँडल मारावें लागे, आणि ठिणगीचा दांडा मागें घेण्यास चुकलें तर इंजिन उलट फिरून हँडलाचा असा तडाखा देई कीं मनगट मोडे. म्हणून डाव्या हातानें, आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवून, हँडल वर खेंचावें, असा दंडक होता. थंडीच्या दिवसांत तेल घट्ट झालें म्हणजे क्लच पुरता सुटत नसे, आणि सुरू झालेली गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर हळूहळू येऊं लागे. त्यावर उपाय म्हणून लोक मागचें एक चाक जॅकनें उचलून धरीत. पायाखालच्या तीन पेडलांपैकीं डावें गतीचें, मधलें उलट जाण्याचें आणि उजवें ब्रेकचें; या तिन्हींचें काम सुती अस्तराच्या पट्ट्यांवर चाले. हें अस्तर झिजे आणि वारंवार बदलावें लागे. तें बदलतांना एखादा नट आंत पडला तर तो शोधण्यांत उभा दिवस जाई. म्हणून अनुभवी लोक आधीं फडक्यानें भोंक बुजवीत. तेव्हां मालक मिस्त्री झाला तो सर्वस्वीं हौसेनें झाला असें नव्हे. गरजेनें त्यास हात काळे करावयास लावले, आणि काळ्या झालेल्या हातांना मागाहून विद्येची गोडी लागली.

ही गोडी लागल्यावर त्यानें गाडीस नाना उद्योगांत गुंतविलें. अमेरिकेच्या खेड्यांत मागचें चाक उचलून त्यावर पट्टा चढवावा आणि त्याच्या जोरावर लांकडें कापण्याची करवत किंवा विहिरीवरचा पंप चालवावा, हा प्रकार सर्रास होता. गाडीचा नांगर ओढणारा ट्रॅक्टर करून देणारीं जोडसाहित्यें विकत मिळत. कंपनीस अभिप्रेत नसलेले असे शेंकडों उपयोग गाडीच्या मालकांनीं शोधून काढले. जो मनुष्य यंत्र उघडूं शकतो, त्यास त्याचा नवा उपयोगही सुचतो. आणि ज्यास तें उघडण्याची मनाई आहे, तो नेमून दिलेल्या उपयोगापलीकडे जात नाहीं.

आतां याच गाडीच्या जन्मस्थानाकडे वळूं. डेट्रॉइटजवळ हायलँड पार्क येथें फोर्डचा विशाल कारखाना १९१० सालीं सुरू झाला. १९१३ सालीं तेथें सरकत्या जुळणीची पद्धति आली. पूर्वीं मजूर गाडीपाशीं जात. आतां गाडी मजुरांपुढून सरकूं लागली. एक सांगाडा जुळविण्यास पूर्वीं सुमारें साडेबारा तास लागत, ते १९१४ च्या वसंत ऋतूंत ९३ मिनिटांवर आले. याची किंमत मजुरानें दिली. एकानें बोल्ट घालावयाचा, दुसऱ्यानें त्यावर नट चढवावयाचा, तिसऱ्यानें तो आवळावयाचा, आणि हें दिवसभर, प्रत्यहीं, वर्षानुवर्ष. जो पूर्वीं कानस हातीं घेऊन भाग बसवीत असे त्या कारागिराची येथें गरजच उरली नाहीं. लोक इतके कंटाळून जात कीं १९१३ सालीं कामगारांच्या जागा बदलण्याचें प्रमाण ३७० टक्क्यांपर्यंत पोंचलें. म्हणजे वर्षभर कारखाना भरलेला ठेवण्यासाठीं प्रत्येक जागेवर सरासरीनें तिघां-चौघांस नव्यानें घ्यावें लागलें. जानेवारी १९१४ मध्यें फोर्डनें आठ तासांच्या दिवसास पांच डॉलर देण्याची घोषणा केली. त्या औदार्यामागें हा हिशेबही होता.

येथें इतिहासाचा एक विलक्षण खेळ दृष्टीस पडतो. ज्या माणसांनीं ही गाडी बनविली त्यांस ती समजण्याची आवश्यकता नव्हती; आणि ज्यानें ती विकत घेतली त्यास ती समजल्यावांचून चालत नव्हतें. हायलँड पार्कांतील मजुरास एक नट ठाऊक. आयोवांतील शेतकऱ्यास सारी गाडी ठाऊक. या दोन गोष्टी एकाच कारणाच्या दोन फांद्या आहेत. कानशीची गरज राहूं नये इतक्या अचूकतेनें भाग बनूं लागले, म्हणून कारखान्यांतला कारागीर गेला. आणि कानशीची गरज राहिली नाहीं, म्हणूनच घरीं बसून कोणासही भाग बदलतां येऊं लागला. कौशल्य नाहींसें झालें नाहीं, त्यानें स्थळांतर केलें. तें कारखान्याच्या दारांतून बाहेर पडलें आणि ग्राहकाच्या अंगणांत येऊन बसलें. यंत्रयुगाची निंदा करणारे पहिली फांदी पाहतात, स्तुति करणारे दुसरी. न्यायाचें म्हणाल तर दोन्ही पाहिल्या पाहिजेत. कारण एका माणसाचें स्वातंत्र्य दुसऱ्याच्या कंटाळ्यावर उभें होतें, हा हिशेब कोणत्याही एका फांदीवरून कळत नाहीं.

हें ग्राहकाचें राज्यही फार दिवस टिकलें नाहीं. कॅडिलॅकनें १९१२ सालीं विजेनें सुरू होणारी गाडी काढली. मनगट मोडण्याची भीति नसलेली ती सोय हळूहळू सर्वांस हवीशी वाटूं लागली. फोर्डनेंही १९१९ मध्यें ती देऊं केली. परंतु जनरल मोटर्ससारखे प्रतिस्पर्धी दरवर्षीं नवें रूप, बंदिस्त बैठक, निरनिराळे रंग आणि हप्त्यांची सवलत घेऊन पुढें येत होते, आणि ‘टी’ १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्याच रंगांत मिळत होती. लोकांस आतां गाडी हवी होती, गाडीचा अभ्यास नको होता. १९२७ सालीं फोर्डनें जुना सांचा मोडला आणि डिसेंबरांत ‘मॉडेल ए’ ही नवी गाडी आणली. पाना कोणी हिसकावून नेला असें नव्हे. बव्हंशीं मालकानेंच तो खालीं ठेविला. सुखाच्या बदल्यांत ज्ञान देऊन टाकण्याचा हा व्यवहार त्या वेळीं कोणास महाग वाटला नाहीं.

हिंदुस्थानाशीं या गाडीचा संबंध कॅनडामार्गें आला. १९०४ सालीं स्थापन झालेल्या कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे, खुद्द ब्रिटन वगळून, ब्रिटिश साम्राज्यांतील बहुतेक देशांचा व्यापार होता. त्याच कंपनीची शाखा म्हणून १९२६ मध्यें मुंबईस फोर्डची हिंदी कंपनी निघाली आणि येथें गाड्यांची जुळणी होऊं लागली. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्यें, सरकारनें असें धोरण स्वीकारलें कीं ज्यांच्यापाशीं गाड्या येथेंच संपूर्ण बनविण्याची योजना आहे त्यांनींच धंदा करावा. आणि नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स यांनीं येथून काढता पाय घेतला. परदेशी सुटे भाग मिळणें दुर्घट झालें. अशा वेळीं आपल्याकडील जुन्या गाड्या जगल्या त्या लेथवर बसून हवा तो भाग घडवून देणाऱ्या मिस्त्रीमुळें. अमेरिकन मालकानें सुटा भाग विकत आणून बसविला. आपल्या मिस्त्रीस पुष्कळदां तो आधीं घडवावा लागला. म्हणजे जी कानस फोर्डनें हद्दपार केली होती, तिला आपल्या गॅरेजांत पुन्हां मानाचें पान मिळालें.

आज अशी गाडी घरीं सांभाळणाऱ्या गृहस्थापुढें निराळे प्रश्न आहेत. आपल्याकडे २०२१ मध्यें झालेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होऊं शकते. त्यांच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें असतात, आणि प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशा कारणांसाठींच त्या रस्त्यावर आणतां येतात, नित्याच्या व्यवहारासाठीं नव्हे. गाडीस कायद्यानें मान दिला हें उत्तमच झालें. परंतु ती चालती ठेवण्याचा भार मालकावरच आहे. लहान लहान गोष्टी त्याची परीक्षा घेतात. उदाहरणार्थ, ‘टी’च्या कार्ब्युरेटरमध्यें पूर्वीं बुचाच्या लांकडाचा तरंगता गोळा असे आणि त्यावर लाखेचा लेप दिलेला असे. लाख स्पिरिटांत विरघळते हें घरोघरच्या फर्निचरला पॉलिश करणारा सुतारही जाणतो. २०२५ सालीं आपल्या देशांतील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें, आणि इथेनॉल हें त्याच जातीचें द्रव्य. लेप सुटला कीं बूच पेट्रोल पिऊन जड होतें, तरंगत नाहीं, आणि गाडी पेट्रोल ओकूं लागते. ज्यानें गोळा उघडून पाहिला नाहीं तो पेट्रोलवाल्यास दोष देईल किंवा इंजिन उकलावयास घेईल. ज्यास कारण ठाऊक आहे तो इथेनॉलास दाद न देणारा नवा गोळा बसवून मोकळा होईल.

सर्वच कामें घरीं होतात असें मात्र नाहीं. ‘टी’च्या मुख्य दांड्याचीं बेअरिंगें कथील, अँटिमनी आणि तांबें यांच्या मिश्रधातूचीं, जागच्या जागीं ओतलेलीं असतात. त्यांतली थोडी ढिलाई घरीं काढतां येते. परंतु तीं नव्यानें ओतणें आणि अचूक कापणें हें जाणत्याचेंच काम. तसेंच टांकी बैठकीखालीं असल्यानें उघड्या दिव्याजवळ किंवा विडी ओढीत या गाडीशीं खटपट करणें म्हणजे आगीशीं खेळ. आपल्या हातांची मर्यादा ओळखणें हाही कारागिरीचाच भाग आहे.

शोकिनांत एक वाद नेहमीं चालतो. ज्या गाडीचे निम्मे भाग बदलले ती जुनी कशी म्हणावी? ‘टी’पुरतें तरी याचें उत्तर सोपें आहे. तिचा जन्मच भाग बदलतां यावे या तत्त्वांतून झाला; तेव्हां बदललेला भाग हा तिच्या इतिहासाशीं द्रोह नसून त्याचें पालन होय. नट, पट्ट्या, गोळे आजही बनतात आणि उद्यांही बनतील. नाहींशी होण्याचा धोका आहे तो दोन बोटांनीं पट्टी दाबून दोष ओळखण्याच्या विद्येस. ती कारखान्यांत ओतून काढतां येत नाहीं. एका हातानें दुसऱ्या हातास दिली तरच ती राहते.

हा प्रश्न केवळ जुन्या गाड्यांचा असता तर तो शोकिनांवर सोडून देतां आला असता. परंतु आजच्या मोटारींत संगणक बसले आहेत आणि त्यांची किल्ली पुष्कळदां बनविणाऱ्यापाशींच राहते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत २०१२ सालीं मतदारांनीं मोठ्या बहुमतानें असा कायदा मागितला कीं दुरुस्तीस लागणारी माहिती कंपन्यांनीं मालकास आणि स्वतंत्र मिस्त्रीसही दिली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनेंही २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. आजची गाडी अधिक सुरक्षित, अधिक सुखकर आणि कमी धूर सोडणारी आहे. हँडल मारून मनगट मोडून घेण्याच्या काळीं कोणी परत जाऊं इच्छीत नाहीं, आणि जाऊंही नये. पण सुखासाठीं स्वतःहून पाना खालीं ठेवणें निराळें, आणि तो पुन्हां उचलूं म्हटल्यास झांकणच उघडूं न देणें निराळें. पहिली निवड आहे, दुसरी पराधीनता. फोर्डच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेनें मालक प्रश्न विचारील हें गृहीत धरलें होतें. आपल्या घरांत येणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्राबरोबर जी पुस्तिका येते, तिनें आपल्याविषयीं काय गृहीत धरलें आहे, हें सुज्ञ वाचकांनीं एकदां उघडून पाहावें.